सावलीचे वेळापत्रक

भगवानरावांच्या गच्चीचे पुढे जे काही झाले, त्याला कारण एक पाइप. पाच फूट लांब, पांढरा आणि दिसायला अगदी गरीब स्वभावाचा. त्याच्याविषयी आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण ऐन मोक्याच्या वेळी तो कोणालाच दिसणार नाही.

भगवानराव दिग्रसच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. आता निवृत्त. यवतमाळ, पुसद, दारव्हा, आर्णी अशा गाड्यांच्या वेळा लिहिण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि माइकवर बोलून बोलून आवाज असा झाला होता की जेवताना त्यांनी मीठ मागितले तरी पाहुणे सामान आवरायला लागत. स्वभाव चौकस. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर दुसरा नियंत्रक ‘दहा मिनिटे’ लिहून मोकळा होई. भगवानराव ड्रायव्हरला समोर बसवून ती दहा मिनिटे नेमकी कुठे सांडली याचा छडा लावत. आता पुसद रोडच्या नव्या लेआउटमध्ये त्यांचे स्वतःचे घर उभे राहत होते, आणि छडा लावायला ड्रायव्हर उरले नव्हते.

घराचा नकाशा कपिलचा. कपिल म्हणजे विजयमालाबाईंच्या, म्हणजे भगवानरावांच्या बायकोच्या, बहिणीचा मुलगा. शिकून इंजिनिअर झालेला. स्लॅबच्या आठ दिवस आधी येऊन तो उभ्या-उभ्या म्हणाला, “मावसाजी, सोलर आता नाई तर नाई, दोन-तीन वर्षांनी लावसान. पन स्लॅबमंदी एक पाइप सोडून ठेवा. मंग वायर खाली आनाले फोडाफोड नाई.”

एवढेच. एक पाइप. दुसऱ्या कोणी मान हलवून चहा मागवला असता. भगवानरावांनी खुर्ची पुढे ओढली.

“पॅनलचं तोंड कोन्या बाजूले राहते?”

“दक्षिणेकडं.”

“काहून?”

“सूर्य तिकडून जाते म्हनून.”

“बाराही महिने?”

कपिलने घड्याळ पाहिले. “जवळपास.”

“अन् सावली पडली तर?”

“एका कोपऱ्यावर जरी पडली न मावसाजी, तरी सगळी लाइन ढिली पडते.”

कपिल गेला, पण हे वाक्य मागे राहिले. एका कोपऱ्यावरच्या सावलीने सगळी लाइन ढिली पडते! दारात एकच प्रवासी अडून बसला की पन्नास जणांची गाडी सुटत नाही, हे ज्याने जन्मभर पाहिले त्याला ही गोष्ट चटकन पटली. त्यांनी त्याच दिवशी कपाटातून एक जुनी कोरी वही काढली. तिच्यात रकाने छापलेलेच होते: गाडी क्रमांक, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, उशिराचे कारण. गाडी क्रमांकाच्या जागी त्यांनी लिहिले, ‘सावली.’

विजयमालाबाईंनी ती वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. “माह्या वड्यांची जागा सोडली न?”

“सोडली, सोडली,” भगवानराव म्हणाले. ते त्या वेळी रेघा मारत होते.

हा प्रश्न साधा नव्हता. बावीस वर्षांत पाच भाड्याची घरे झाली, आणि पाचही तळमजल्यावरची. विजयमालाबाईंच्या मुंगवड्या यवतमाळपर्यंत पाहुण्यांच्या पिशव्यांतून जात, पण त्या वाळल्या कायम दुसऱ्याच्या गच्चीवर. एका घरमालकिणीची गच्ची साडेदहाला कुलूपबंद व्हायची. दुसरीच्या गच्चीवर आधी तिच्या कुरडया, मग तिच्या जावेचे पापड आणि उरलेच तर विजयमालाबाईंचे ताट. तिसरी वड्या वाळल्या का ते बघायला यायची आणि बघताना मूठभर चावून बघायची. नव्या घराबद्दल सगळ्यांनी काय काय मागण्या केल्या, पण विजयमालाबाईंनी फरशीचा रंगदेखील विचारला नाही. त्यांना फक्त गच्ची हवी होती, दिवसभर उन्हाची.

आता अडचण अशी की सावली मोजायची तर गच्ची पाहिजे, आणि गच्ची तर अजून ओतलीच नव्हती. भगवानराव अशाने थांबणारे नव्हते. मारोती मिस्त्रीने सेंटरिंगच्या प्लेटा टाकल्याबरोबर ते शिडीने वर गेले आणि काठी शोधू लागले. काठी मिळेना. स्लॅबमध्ये सोडण्यासाठी आणलेला पाइप कोपऱ्यात उभा होता, सरळ आणि बरोबर पाच फुटांचा. त्यांनी तो उचलला, मारोतीचा ओळंबा मागून घेतला, आणि दर तासाला पाइप उभा धरून त्याच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला सुरुवात केली.

डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, अर्धवट घराच्या माथ्यावर, मफलर बांधून, पांढरा दांडा धरून स्तब्ध उभा असलेला माणूस लेआउटमध्ये लपून राहत नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटले मोजणी आहे. दुसऱ्या दिवशी वाटले नवस आहे. तिसऱ्या दिवशी समोरचे नानाजी आले. नानाजींनी वास्तुशास्त्राचे एक पुस्तक पूर्ण वाचले होते आणि दुसरे अर्धे. लेआउटमधले तीन संडास त्यांनी आपल्या सल्ल्याने जागचे हलवले होते.

“टाकी कुठं घेता?” नानाजींनी खालून विचारले.

“तेच पाहून राह्यलो.”

“पाहाचं काय त्याच्यात? नैऋत्येले. नैऋत्य जड पाहिजे.”

भगवानरावांनी वही उघडली. “नैऋत्येची टाकी केली तर तिची सावली दुपारी सव्वाबाराले निघते अन् पाच वाजेपर्यंत सगळी गच्ची फिरते. माह्याजवळ नोंद हाये. टाकी उत्तरेले जाईन.”

नानाजींनी फाटकाचा आधार घेतला. “उत्तरेले? अवो, ते कुबेराची दिशा! त्याच्या डोक्यावर हजार लिटर पानी ठेवता?”

“झाकन हाये तिले,” भगवानराव म्हणाले.

त्या दिवसापासून नानाजींनी फाटकाच्या आत पाऊल टाकले नाही. सल्ला मात्र बंद झाला नाही. तो आता फाटकाबाहेरून आणि जास्त मोठ्याने मिळू लागला.

दुसरे शेजारी निजामुद्दीन. कापसाच्या जिनात यंत्रे दुरुस्त करण्यात आणि लोखंड जोडण्यात त्यांचा हात धरणारा दिग्रसमध्ये कोणी नव्हता. त्यांनी पॅनलच्या पायांसाठी सहा लोखंडी पट्ट्या बोल्टांसह करून दिल्या. “भगवानभाऊ, याच्यावर पॅनल काय, हत्ती बांधा. हलला तर मले सांगजा.” भगवानरावांनी लगेच विचारले, की वारा कोणत्या दिशेने आला तर बोल्टावर ताण जास्त येतो. निजामुद्दीन भला माणूस. त्यांनी जमिनीवर खडूने काढून अर्धा तास समजावले, आणि नंतर पंधरा दिवस दुसऱ्या गल्लीने ये-जा केली.

मग स्लॅबचा दिवस उजाडला. मिक्सर धडधडू लागला, बायामाणसांची रांग लागली, घमेली वर चढू लागली. भगवानराव सकाळी आठपासून वर होते. त्यांचे म्हणणे असे, की आठवडाभराच्या नोंदीत आजचा दिवस गाळला तर सगळी वही लंगडी होते. ते पाइप धरून उभे राहिले.

“मालक, सरका,” मारोती म्हणायचा. भगवानराव चार पावले सरकत. काँक्रीट त्यांच्या मागे मागे येत राहिले. दुपारी ते मधल्या तुळईवर होते, तीनला पश्चिमेच्या कडेला, आणि साडेचारला एका कोपऱ्यात, जिथून पुढे फक्त शिडी उरली होती. मारोतीने सहा ठिकाणी पायांसाठी सळया वर काढून ठेवल्या, बरोबर मापात. शेवटचे घमेले पडले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. भगवानराव कृतार्थ होऊन खाली उतरले, तेवढ्यात कपिल मोटरसायकलवरून आला.

“झाला स्लॅब? वा! मावसाजी, पाइप टाकला न?”

मारोतीने कारागिराकडे पाहिले, कारागिराने मारोतीकडे. मग हळूहळू एकेकाची नजर भगवानरावांच्या उजव्या हाताकडे गेली. भगवानरावांनीही पाहिले. पाइप तिथेच होता.

“दिवसभर मालकाच्याच हातात होता,” मारोती म्हणाला. “मले वाटलं, मालक आपल्या हातानं टाकतीन. मुहूर्त गिहूर्त असन काही.”

फाटकाबाहेर नानाजी खोकले. तो खोकला साधा नव्हता, हे भगवानरावांना लगेच कळले. सगळ्या दिग्रसमध्ये सोलरची एवढी जंगी तयारी कोणी केली नव्हती आणि त्यासाठी जी एकच गोष्ट करायची होती तेवढी राहून गेली होती. त्यावर कपिलने मीठ चोळले. “जाऊ द्या न मावसाजी. भिंतीवरून बाहेरून नेऊ वायर. काही बिघडत नाई.” काही बिघडत नाही! मग पाइपाचे बोललाच कशाला, असे भगवानरावांच्या ओठावर आले होते. पण कपिल पडला बायकोकडचा नातलग, म्हणून ते त्यांनी पेढ्याबरोबर गिळले.

वायर बाहेरून येणार म्हटल्यावर मीटरजवळ किती जागा सोडायची, हा प्रश्न आला. भगवानराव विजेच्या ऑफिसात गेले. खिडकीमागच्या बाबूंनी विचारले, “पॅनल बसवले?”

“नाई.”

“बसवायचे आहेत?”

“आता नाई. पुढं.”

“मग काही तक्रार?”

“तक्रार कायले? तुमचं काम चांगलंच चालू हाये.”

बाबूंनी पेन खाली ठेवले. असा माणूस त्या खिडकीवर बहुधा प्रथमच आला होता. “मग आले काहून?”

“माहिती पाहिजे,” भगवानराव बसस्थानकाच्या आवाजात म्हणाले.

हा शब्द आतल्या टेबलांपर्यंत गेला आणि तीन माना वर झाल्या. माहिती मागायला आलेल्या माणसाच्या मागून माहितीच्या अधिकाराचा कायदा केव्हा येईल याचा नेम नसतो. त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि तीन माणसांनी मिळून सोलरचे अर्ज शोधले. पॅनल असलेल्यांचा अर्ज होता, पॅनल हवे असलेल्यांचा होता, पण कधीतरी हवे होतील अशांचा नव्हता. शेवटी भगवानरावांनी साध्या कागदावर सगळे लिहून दिले आणि त्यांना पोच मिळाली. महिन्याने घरी पत्र आले: ‘आपला अर्ज मिळाला. अर्ज कशाबद्दल आहे ते कळवावे.’ भगवानरावांनी ते पत्र वहीत चिकटवले. त्यांच्या मते पत्रव्यवहार सुरू झाला होता.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वास्तुशांती झाली. नानाजी सगळा राग विसरून आले, दोनदा वाढून घेतले, फक्त टाकीकडे पाठ करून बसले. गच्ची तर पाहण्यासारखी झाली होती. दक्षिणेकडच्या सगळ्या मोकळ्या भागात पॅनलच्या पायांसाठी सहा सिमेंटचे खुंट, त्यांच्याभोवती पिवळ्या ऑइलपेंटची चौकट, आणि चौकटीत वीतभर अक्षरांत भगवानरावांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते: आरक्षित. चौकटीत पाय ठेवायचा नाही, काही ठेवायचे नाही. का, तर एकदा जागा धरून बसलेला प्रवासी उठवणे म्हणजे काय असते, हे ज्याने उठवले त्यालाच माहीत.

आणि एक दिवस विजयमालाबाई वाटलेल्या मुगाची परात घेऊन वर आल्या. खाली बसायला जागा पाहिली. दक्षिणेला आरक्षित. उत्तरेला जिन्याची खोली आणि टाकी, त्या दोघांच्या मध्ये एक पट्टा.

“वड्या कुठं घालू?”

“हे काय, ह्या पट्ट्यात,” भगवानराव उत्साहाने म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. “सकाळी जिन्याची सावली साडेदहाले निघून जाते. टाकीची दोनले लागते. मंदातले साडेतीन घंटे सगळे तुह्ये.”

विजयमालाबाईंनी परात कमरेवर घेतली. त्यांनी पिवळ्या चौकटीकडे पाहिले. तिथे लख्ख ऊन पडले होते, आणि त्यात काहीच नव्हते.

“अन् तठी कोन येऊन राह्यलं?”

“पॅनल.”

“कधी?”

“दोन-तीन वर्षांनी.”

त्यांनी परात डोक्यावर घेतली आणि त्या जिना उतरल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. भांडणाची भगवानरावांना सवय होती. पाच मिनिटांनी शेजारच्या निजामुद्दीनच्या गच्चीवर त्यांची बायको हजराबी दिसली, हातात धुतलेले लुगडे घेऊन. “आवो भाभी, कितीक जागा पाहिजे घ्या!” असे म्हणत तिने ते उन्हात पसरले, आणि विजयमालाबाई वड्या घालायला बसल्या. स्वतःचे घर झाल्यावर. दुसऱ्याच्या गच्चीवर.

भगवानरावांना ते फार लागले. चूक आपली आहे असे त्यांना अजून वाटत नव्हते, नोंदी तर बिनचूक होत्या. पण त्या रात्री ताटातले वरण कोमट झाले तरी त्यांनी भात कालवला नाही. लेआउटमध्ये तर दुसऱ्या दिवशी सर्वांना ठाऊक होते. नानाजी फाटकाबाहेरून म्हणाले, “मी म्हतलंच होतं, उत्तरेची टाकी घरातली लक्ष्मी बाहेर काढते.”

पुढचे दिवस भगवानराव वहीतच डोके घालून बसले, आणि त्यामुळे त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी उत्तरेच्या टाकीची सावली, जिने उत्तरेकडेच राहायचे असे डिसेंबरात ठरले होते, ती बिनतिकिटाची आरक्षित चौकटीत शिरली. भगवानराव तिच्यापुढे उभे राहिले. म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकत होता. बाराही महिने दक्षिणेकडून जात नव्हता! कपिलचे ‘जवळपास’ इथे उघडे पडले. त्यांनी रोज दुपारी तोच पाइप ओळंब्याने उभा धरायला सुरुवात केली. पाच मेला भर दुपारची सावली चार इंच, उत्तरेकडे. दहाला पावणेतीन. अठराला बोटाच्या पेरापेक्षाही कमी. अशीच आटत गेली तर एक दिवस ती येणारच नव्हती. साठ उन्हाळे त्यांनी या उन्हात काढले होते आणि हे कोणी सांगितले नव्हते, त्यांनीही कधी खाली पाहिले नव्हते.

एकवीस मेला ते अकरापासून वर होते. ऊन असे की फरशीवर पाय ठेववत नव्हता. बारा वाजले, बारा-दहा झाले. पाइपाची सावली पाइपाकडे सरकत होती. बारा वाजून सोळा मिनिटांनी ती संपली. सहा खुंट उभे होते आणि एकालाही सावली नव्हती. सगळी गच्ची एकसारखी उजळली होती. भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आले, ते उन्हामुळे असेल. हे कोणाला तरी दाखवलेच पाहिजे, आणि दाखवायला गच्चीवर कोणी नव्हते.

शेजारच्या गच्चीवर विजयमालाबाई वड्या घालत होत्या.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!” भगवानरावांचा आवाज अर्ध्या लेआउटवर गेला. “विजयमाला, लवकर ये! सावली गेली!”

काही वेडेवाकडे झाले असे वाटून विजयमालाबाई हातातली परात तशीच घेऊन धावत आल्या. भगवानरावांनी नुसते बोट दाखवले. त्यांनी खुंट पाहिले, पाइप पाहिला, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. सावली पावलांखाली घुसून बसली होती.

“अगं माय,” त्या म्हणाल्या. “माही सावली कुठं गेली?” त्यांनी एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. त्या हसल्या. वीस दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “कितीक वेळ राहते असं?”

“मिनिट-दोन मिनिटं. मंग दुसऱ्या बाजूनं निघन. वर्षातून दोनदाच येते असा दिवस, असा माहा अंदाज हाये.”

“एवढं चांगलं ऊन हाये इथं,” त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा भगवानरावांच्या ध्यानात आले, की त्या पिवळ्या रेघेच्या बाहेर उभ्या आहेत. तापलेल्या फरशीवर, परात घेऊन, चौकटीत कोणी नसताना. बावीस वर्षांची सवय. दुसऱ्याच्या जागेत पाय टाकायचा नाही.

आणि भगवानरावांना स्वतःच्या नोकरीतला नियम आठवला. तो त्यांनी हजारदा माइकवरून सांगितला होता, त्यावरून ते दोनदा मार खाता खाता वाचले होते. आपण तो कसा विसरलो याचीच त्यांना लाज वाटली. ते खाली बसले, मांडीवर वही घेतली आणि त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिले: ‘आरक्षित प्रवासी सुटण्याच्या वेळेपर्यंत आला नाही. आसन उभ्या प्रवाशास देण्यात आले.’ मग वही बायकोपुढे धरली.

विजयमालाबाईंनी ती दोनदा वाचली. परात रेघेच्या आत ठेवली. नंतर पदराने सहाही खुंट पुसले आणि कावळे येऊ नयेत म्हणून वरून लुगडे बांधायला उंची बरी आहे का ते पाहिले. बरी होती.

“पन एक सांग,” भगवानरावांना राहवेना, “दोन वर्षांनी पॅनल आले तर?”

“आले तर राहतीन उभे दोन-चार वर्षं,” त्या वडी घालत म्हणाल्या. “मी नाई राह्यली का बावीस?”

भगवानरावांनी वहीत पॅनलच्या नोंदीपुढचा शेवटचा रकाना पाहिला. उशिराचे कारण, तो कोरा होता. त्यांनी तिथे लिहिले, ‘मुंगवड्या.’